जुन्या छोट्या विमानांतला ॲस्बेस्टॉस: ब्रेक, गॅस्केट, फायरवॉल उघडताना नक्की काय करायचं?

काउलफ्लॅप (धागाकर्ता)

१९६६ सालचं चार आसनी, एका इंजिनाचं विमान मोठ्या तपासणीसाठी उघडायचं आहे. दोन्ही चाकांची ब्रेक लायनिंग बदलायची आहेत, एक्झॉस्ट उतरवून गॅस्केट नवी टाकायची आहेत आणि बॅफल सील (इंजिनाभोवती थंड हवा वळवणाऱ्या पत्र्यांच्या कडेच्या रबरी पट्ट्या) कडक होऊन चिरलेत, ते सगळे काढायचे आहेत. शिवाय फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधली आगरोधक भिंत) इंजिनाच्या बाजूने पत्र्याच्या पट्ट्यांखाली दाबलेला करड्या रंगाचा, पुठ्ठ्यासारखा थर आहे. लॉगबुकात त्याचा उल्लेख नाही. पार्ट्स कॅटलॉगात पार्ट नंबर मिळतो, मटेरियल काय ते मिळत नाही.

जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत.

१. यातल्या कुठल्या भागांत ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालायचं?
२. "ब्रेक तापतो तेव्हा ॲस्बेस्टॉस जळून जातो, काळी धूळ निरुपद्रवी असते" असं बरेच जण सांगतात. खरं आहे का?
३. स्टोअरमध्ये जुनी, सीलबंद पाकिटातली लायनिंग पडून आहेत, सोबत रिलीज सर्टिफिकेटही आहे. वापरावीत का?
४. एन९५ मास्क पुरेसा आहे का?

सेफ्टीवायर

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्या समजुतीत अर्धं सत्य आहे, म्हणूनच ती टिकून आहे.

लायनिंगमध्ये वापरला जायचा तो मुख्यतः क्रिसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस. साधारण ८०० अंश सेल्सियसच्या आसपास त्याच्या स्फटिकातलं पाणी निघून जातं आणि त्याचं फॉर्स्टेराइट नावाचं, तंतू नसलेलं खनिज बनतं. घर्षणाच्या पृष्ठभागावर बारीक बिंदूंपाशी एवढं तापमान गाठलं जातं, त्यामुळे झिजेच्या धुळीतला मोठा भाग खरोखरच बदललेला असतो. पण सगळा नाही. उरलेले तंतू आखूड आणि डोळ्यांना न दिसणारे असतात. शिवाय छोट्या विमानाचा ब्रेक बहुतेक वेळ टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवतानाच दाबला जातो, तेव्हा तो फार तापत नाही. गाडीच्या ब्रेकवरून काढलेला दिलासा इथे जसाच्या तसा लावू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, न झिजलेल्या लायनिंगमधला ॲस्बेस्टॉस जसाच्या तसा असतो. तो बाहेर येतो आपल्या हातांनी: रिव्हेट ड्रिलने काढताना, चकाकी आलेलं लायनिंग पॉलिश पेपरवर घासताना, कडा कानशीने गोल करताना आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कॅलिपर फुंकताना. यातली शेवटची सवय सगळ्यात वाईट. जमिनीवर बसलेली धूळ ती एका क्षणात पूर्ण हँगरभर, श्वासाच्या उंचीला नेते, आणि बारीक तंतू तासन् तास खाली बसत नाहीत.

अमेरिकेतल्या ओशाच्या (कामगार सुरक्षेची सरकारी यंत्रणा) नियमांत ब्रेक-क्लचच्या कामाची सक्तीची पद्धत एका वेगळ्या परिशिष्टात दिली आहे. ते परिशिष्ट मोटारींसाठी लिहिलंय, पण त्यातली पद्धत विमानाच्या चाकालाही वापरता येते. त्यात दोन मुख्य रस्ते आहेत: हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर असलेल्या) व्हॅक्यूमला जोडलेलं बंदिस्त आवरण, किंवा कमी दाबाने ओलं करून धुणं. आठवड्याला पाचपेक्षा जास्त जोड्या करत नसाल तर साधी ओली पद्धतही चालते. छोट्या हँगरला तीच परवडते.

डिस्क ब्रेकवर ती अशी करायची:

विमानाच्या चाकांना ठोकळे लावा, हँगरचे पंखे बंद करा, आसपासची दुसरी कामं थांबवा. चाकाखाली जाड प्लास्टिक अंथरा (०.१५ मिमी पुरेसं) आणि त्यावर उथळ ट्रे ठेवा. बागेत वापरतात तसल्या हाताने पंप मारायच्या स्प्रेयरमध्ये पाच लिटर पाणी आणि चमचाभर भांड्यांचा साबण घ्या. साबणाशिवाय पाणी धुळीवर थेंब होऊन बसतं, आत शिरत नाही. नोझल फवाऱ्यावर ठेवा, धारेवर नको.

बोल्टला पाना लावायच्या आधी कॅलिपर, डिस्क आणि टॉर्क प्लेट भिजवा. मग बॅकप्लेटचे बोल्ट काढून बॅकप्लेट उचला आणि सिलिंडर अँकर पिनांवरून सरकवून बाहेर घ्या. हायड्रॉलिक लाइन सोडायची गरज नाही, फक्त कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका. जे बाहेर येईल ते पुन्हा ओलं करून ओल्या फडक्याने पुसा. फडकं एकदा वापरलं की थेट पिशवीत, ओलं असतानाच. ते बादलीच्या काठावर वाळत घातलं की त्यातले तंतू परत मोकळे होतात, आणि ही चूक भल्याभल्यांकडून होते.

रिव्हेट ड्रिल करू नका. लायनिंगच्या रिव्हेट सेटसोबत येणाऱ्या पंचने ते दाबून काढा. धूळ जवळजवळ उडत नाही, आणि प्लेटची भोकं लांबट होत नाहीत हा वेगळा फायदा. क्लीव्हलँड या ब्रेक उत्पादकाच्या लायनिंगची जाडी ०.१०० इंचावर (२.५४ मिमी) आली की ती बदलायची असतात, त्यामुळे "थोडी घासून अजून एक वर्ष चालवू" याला तसाही अर्थ नाही.

पाण्याचे धोकेही लक्षात ठेवा. व्हील बेअरिंगमध्ये पाणी गेलं तर ते पुन्हा धुवून ग्रीस भरावं लागेल. चाकं मॅग्नेशियमची असतील तर पुसून पूर्ण कोरडी करा, नाहीतर रंग उडालेल्या जागी गंज धरेल. स्टीलच्या डिस्कवर तासाभरात तांबूस थर येतो, तो पहिल्या टॅक्सीत निघून जातो. अँकर पिना स्वच्छ आणि कोरड्या ठेवा, ग्रीस लावलं की ते धूळ धरून कॅलिपर अडकतो.

नवीन लायनिंग ॲस्बेस्टॉसमुक्त सेंद्रिय प्रकारची असतील तर ती बसवल्यावर कंडिशनिंग कराच. इंजिन १७०० आरपीएमवर ठेवून साधारण १५०० फूट टॅक्सी करायची, ब्रेक दाबून वेग ताशी ५ ते १० मैल राखायचा, मग १० ते १५ मिनिटं थंड होऊ द्यायचं आणि उभ्या विमानाला जास्त थ्रॉटल देऊन ब्रेक धरतो का ते बघायचं. धातूच्या लायनिंगची पद्धत वेगळी आहे: ३० ते ३५ नॉट्सवरून ५ नॉट्सपर्यंत लागोपाठ दोन ब्रेक, मध्ये डिस्क फार थंड न होऊ देता. हे टाळलं की ब्रेक नीट धरत नाही, मग कोणीतरी पॉलिश पेपर काढतो, आणि तुमच्या स्टोअरमधलं जुनं लायनिंग असेल तर पुढचं सांगायला नको.

मॅग्नेटोमास्टर

सेफ्टीवायर यांच्याशी सहमत, पण एक भर. डिस्क ब्रेक उघडे असतात, बरीच धूळ धावपट्टीवरच उडून जाते. १९४०च्या दशकातल्या विमानांवर ड्रम किंवा एक्स्पँडर ट्यूबचे (फुगणारी नळी घर्षणाचे ब्लॉक ड्रमवर दाबते तसे) ब्रेक असतात, त्यांत झिजेची धूळ ड्रमच्या आत साठून राहते. ड्रम ओढून काढला की सगळी एकदम पायावर. तिथे ड्रम काढण्याआधी फटीतून आत फवारा, काही मिनिटं थांबा, मग अर्धवट सरकवून पुन्हा फवारा.

ड्रमच्या वक्रतेशी जुळवण्यासाठी ब्लॉक ग्राइंडरवर घासणं हे या सगळ्या यादीतलं सर्वांत धुळीचं काम. ॲस्बेस्टॉसचे ब्लॉक असतील तर ते करूच नका. डिस्क ब्रेकचा मंजूर रूपांतर संच मिळत असेल तर ड्रमच्या डागडुजीपेक्षा तो परवडतो.

फायरस्लीव्ह

मी इंजिनाच्या बाजूचं लिहितो.

*एक्झॉस्ट गॅस्केट.* जुनी गॅस्केट म्हणजे दोन पातळ धातूच्या पापुद्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉसचा थर. नट सोडताना काही होत नाही. अडचण पुढे येते, कारण गॅस्केटचा अर्धा भाग फ्लँजला भाजून चिकटलेला असतो आणि हात आपोआप वायर ब्रश किंवा फिरत्या ॲब्रेसिव्ह डिस्ककडे जातो. तो मोह टाळा. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं फ्लँजवर पंधरा-वीस मिनिटं दाबून ठेवा, मग प्लास्टिकच्या किंवा बोथट पितळी स्क्रेपरने अख्खा तुकडा सोलून काढा. सिलिंडरचा पोर्ट ॲल्युमिनियमचा आहे, फिरत्या डिस्कने तोही खराब होतो. एक्झॉस्ट पोर्टमध्ये आधी फडक्याचा बोळा घाला आणि शेवटी मोजून बाहेर काढा. नवीन गॅस्केट स्टेनलेस स्टीलची, गुंडाळीची मिळतात.

*बॅफल सील.* त्या काळातल्या काळ्या, कापड घातलेल्या रबरी पट्ट्यांपैकी काहींमध्ये ॲस्बेस्टॉसचं कापड असायचं. रबरात बांधलेलं असल्याने अखंड असताना त्रास नाही. पण तुमच्या कडक होऊन चिरल्यात, त्यामुळे ओढल्या की कडेने तंतू सुटतील. पक्कडीने फाडू नका. पट्टी ओली करा, स्टेपल किंवा रिव्हेट एकेक काढा, पट्टी अख्खी सोडवा आणि सरळ पिशवीत टाका. मापासाठी जुनी पट्टी लागते हे खरं, तर ती पारदर्शक पिशवीत सीलबंद करून वरूनच आकार गिरवा.

*होज आणि डक्ट.* आजचं फायरस्लीव्ह काचतंतूंवर सिलिकॉन रबर असं असतं. खूप जुन्या होजवरचं विणलेलं, कोरडं, पांढरट आवरण मात्र संशयितच धरा. आवरण सोलून होज तपासत बसू नका. एवढ्या जुन्या होजचं आयुष्य तसंही संपलेलं असतं, आवरणासकट अख्खा काढून टाका. कार्ब हीटच्या (कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या) आणि केबिन हीटच्या डक्टबाबतही हेच.

*थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या जोडाच्या) वायर.* ही हमखास सुटणारी जागा. जुन्या सिलिंडर हेड तापमापकाच्या वायरींवर ॲस्बेस्टॉसची वेणी असते, आणि ती टोकाला उसवलेली असते. इथे "उसवलेलं टोक कापून टाकू" हे दोन कारणांनी चालत नाही. तंतू सुटतात हे एक. दुसरं असं की या लीडचा रोध ठरवून दिलेला असतो, २ ओहम किंवा ८ ओहम, आणि लांबी बदलली की तापमान चुकीचं दिसतं. अख्खी लीडच बदला.

*फायरवॉल.* तुमचा करडा थर माझ्या यादीत सगळ्यात वर आहे. लायनिंगमधला तंतू रेझिनमध्ये बांधलेला असतो, बोर्डातला तसा नसतो. तो बोटाने चुरला जात असेल तर धोक्याची पातळीच वेगळी. शिवाय बोर्ड आणि ब्लँकेटमध्ये क्रिसोटाइलऐवजी अमोसाइट असण्याची शक्यता असते. त्याचे सरळ, ताठ तंतू फुप्फुसातून फार हळू निघतात. चाचणीचा अहवाल येईपर्यंत त्या पट्ट्यांच्या स्क्रूला हात लावू नका, त्या भागात नवीन वायरसाठी भोकही पाडू नका.

आणि तो थर चुरा होत नसेल, कडा पट्टीखाली नीट दाबलेल्या असतील, तर त्याला तसाच राहू देणं हाही रास्त निर्णय आहे. उघड्या कडा उष्णतारोधक सीलंटने बंद करायच्या, जवळ ठळक लेबल लावायचं, लॉगबुकात नोंद करायची. काढायचाच तर ते काम ॲस्बेस्टॉस काढण्याचा परवाना असलेल्यांचं. बदली थर ठरवताना हार्डवेअरच्या दुकानातली शीट चालणार नाही. फायरवॉलला साधारण १०९३ अंश सेल्सियसच्या, म्हणजे २००० अंश फॅरनहाइटच्या ज्वाळेसमोर १५ मिनिटं टिकावं लागतं, आणि मूळ रचनेत बदल म्हणून त्याला मंजुरी लागते.

सिरॅमिक फायबरचा कागद हा नेहमीचा पर्याय. पण तोही हातमोजे आणि मास्क लावूनच कापा. रिफ्रॅक्टरी सिरॅमिक फायबर हे आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २बी गटात, म्हणजे संभाव्य कर्करोगकारकांत आहे. "ॲस्बेस्टॉस नाही" याचा अर्थ "बेधडक कापा" असा होत नाही.

काउलफ्लॅप

फायरवॉलचा थर नखाने दाबल्यावर किंचित दबतो. नखाची उठाठेव आता थांबवतो. नमुना कसा घ्यायचा, आणि लॅबला नक्की काय करायला सांगायचं?

पोलराइज्ड

नमुन्याचं सांगतो.

डोळ्यांनी किंवा भिंगाने ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. "लायटरने जाळून बघा, वितळली तर काच" हा उपाय सांगणारे भेटतील, तो करू नका, त्यात तुम्ही स्वतःच तंतू मोकळे करता.

मास्क लावा. नमुन्याची जागा ओली करा, धारदार पात्याने पूर्ण जाडीचा छोटा तुकडा कापा, दोन-तीन चौरस सेंटिमीटर खूप झाला. सगळे थर आले पाहिजेत, फक्त वरचा पापुद्रा नको. तुकडा झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, त्यावर विमानाचा भाग आणि जागा लिहा. पातं पुसून घ्या आणि कापलेली जागा ॲल्युमिनियम टेपने बंद करा. एकसारख्या दिसणाऱ्या मटेरियलचेही तीन वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने द्या. जुन्या विमानात मधल्या काळात कोणी काय ठिगळ लावलंय ते सांगता येत नाही.

लॅबकडे पीएलएम, म्हणजे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची चाचणी मागा. बोर्ड, कापड, वेणी यांना ती पुरते. रबर, रेझिन किंवा चिकट पदार्थात बांधलेल्या मटेरियलचा पीएलएम अहवाल "आढळला नाही" असा आला तर तिथे थांबू नका, टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चाचणी करून घ्या. बारीक तंतू बाइंडरमध्ये लपले की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. म्हणजे बॅफल सील आणि लायनिंगसाठी टीईएम, फायरवॉलसाठी पीएलएम. अमेरिकेत १ टक्क्याहून जास्त असेल तरच त्याला ॲस्बेस्टॉसयुक्त मटेरियल म्हणतात, पण अहवालात "१ टक्क्याहून कमी" असं आलं तरी ते घासायला मोकळीक नाही.

हवेची मोजणी करणार असाल तर एक खाच आहे. नेहमीची पीसीएम पद्धत (हवा फिल्टरमधून ओढून त्यावरचे तंतू साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं) ५ मायक्रोमीटरहून लांब आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांबीचे सगळेच तंतू मोजते. तो काचेचा आहे की ॲस्बेस्टॉसचा, हे तिला कळत नाही. शेजारी कोणी फायबरग्लासचं फेअरिंग घासत असेल तर आकडा फुगतो. तेव्हा तीच फिल्टर टीईएमवर पाठवायची. ओशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घनसेंटिमीटरला ०.१ तंतू आणि ३० मिनिटांच्या सरासरीने १ तंतू अशी आहे. युरोपीय संघाने २०२३च्या निर्देशात आठ तासांची मर्यादा ०.०१वर आणली आणि सदस्य देशांना ती लागू करायला २१ डिसेंबर २०२५ ही मुदत दिली. ब्रेकच्या कामात आठ तासांची सरासरी फसवते. फुंकर मारल्याची दोन मिनिटं भयंकर असतात, उरलेला दिवस ती झाकून टाकतो.

सेफ्टीवायर

राहिलेले दोन प्रश्न.

जुनी लायनिंग: रिलीज सर्टिफिकेट सांगतं की पार्ट मंजूर रचनेप्रमाणे बनला आहे आणि बसवायला योग्य आहे. त्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. १९७०च्या दशकातलं सीलबंद पाकीट कागदोपत्री निर्दोष आणि आत पूर्ण ॲस्बेस्टॉस, असं सहज असू शकतं. उत्पादकाचं सेफ्टी डेटा शीट किंवा त्या पार्ट नंबरबद्दलचं पत्र मागा. मिळालं नाही तर ती लायनिंग ॲस्बेस्टॉसचीच धरा आणि कचऱ्याच्या योग्य वाटेने घालवा. दुसऱ्या कुणाला "फुकट घेऊन जा" म्हणू नका. युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे, आणि अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण यंत्रणेने मार्च २०२४मध्ये क्रिसोटाइलवरच्या बंदीचा अंतिम नियम काढला, त्यात वाहनांचे ब्रेक आणि बहुतेक गॅस्केट आले. (गंमत म्हणजे या नियमात नासाच्या सुपर गपी मालवाहू विमानाच्या ब्रेक ब्लॉकसाठी खास सूट ठेवली आहे. एका विमानाच्या ब्रेकची एवढी काळजी!)

मास्क: एन९५ नको. हाफ मास्क आणि पी१०० किंवा पी३ फिल्टर घ्या, फिट टेस्ट करा. दाढी असेल तर हाफ मास्क हवा रोखत नाही, फिल्टर कितीही भारी असो. अंगावर टाइप ५चा एकदा वापरून टाकायचा कव्हरऑल. काम संपल्यावर आधी तो ओला करून आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळून काढा, मास्क सगळ्यात शेवटी. कपडे हवेने झटकायचे नाहीत आणि घरी धुवायला न्यायचे नाहीत.

व्हॅक्यूम फक्त हेपाचा. साधा वर्कशॉप व्हॅक्यूम मागच्या बाजूने तेच तंतू बाहेर फेकतो. पिशवी दोन तृतीयांशच भरा, तोंड पिळा, टेप लावा, पीळ दुमडून पुन्हा टेप, मग दुसरी पिशवी आणि लेबल.

मॅग्नेटोमास्टर

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. गॅस्केट आणि बॅफलचं काम झालं की लोक काउलिंग (इंजिनावरचं आवरण) लावून थेट रन-अपला, म्हणजे इंजिन चालवून बघायला जातात. इंजिन सुरू झालं की कूलिंगची हवा सगळ्या कोपऱ्यांतून जोरात फिरते, आणि जे पुसायचं राहिलं ते मागे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतं. काही विमानांत केबिन हीटची हवाही काउलिंगमधूनच घेतली जाते. म्हणून काउलिंग लावण्याआधी बॅफलच्या खोबणी, इंजिन माउंटच्या नळ्या आणि खालच्या काउलचा तळ हेपा व्हॅक्यूमने ओढून ओल्या फडक्याने पुसा. पहिला रन-अप हँगरबाहेर, केबिन हीट बंद ठेवून, प्रॉपच्या मागे कोणी नसताना.

ग्लासक्लॉथ

घरगुती बांधणी करणाऱ्यांसाठी दोन मुद्दे, कारण ते इथे वाचतात.

लाकडी सांगाड्याच्या जुन्या नकाशांत फायरवॉलसाठी प्लायवूड आणि पत्र्याच्या मध्ये ॲस्बेस्टॉस शीट दाखवलेली असते. नकाशा मूळ डिझायनरचा म्हणून ती शोधत बसू नका, वर फायरस्लीव्ह यांनी दिलेला पर्याय घ्या. दुसऱ्याने अर्धवट सोडलेला सांगाडा विकत घेतला असेल तर फायरवॉलला ड्रिल लावण्याआधी नमुना तपासून घ्या.

दुसरं, १९७०च्या दशकातल्या रेझिन कामात पुट्टी घट्ट करायला ॲस्बेस्टॉसचे आखूड तंतू मिसळायचे. आज त्या जागी फ्यूम्ड सिलिका किंवा सुती फ्लॉक वापरतात. त्या काळातलं फेअरिंग किंवा विंगटिप दुरुस्तीला आली आणि त्यात करडी, केसाळ पुट्टी दिसली, तर कोरडं सँडिंग करू नका. ओला पॉलिश पेपर, हाताने. तसंच नळ्यांच्या वेल्डिंगच्या जुन्या पुस्तकांत शेजारचा भाग थंड ठेवायला ओला ॲस्बेस्टॉस थापायला सांगितलेलं असतं. वर्कशॉपच्या कोपऱ्यात तसला वाळलेला डबा किंवा जुनं वेल्डिंग ब्लँकेट सापडलं तर झाकण उघडून बघू नका, तसंच पिशवीत घाला.

काउलफ्लॅप

सर्वांचे आभार. फायरवॉलचे तीन आणि बॅफलचा एक नमुना पाठवतो, स्टोअरमधली लायनिंग वेगळी काढून लेबल लावतो. शेवटचं एक: ज्यांनी वर्षानुवर्षं ब्रेक हवेने फुंकलेत त्यांनी आता काय करावं? एक्स-रे काढून फायदा आहे का?

पोलराइज्ड

एक्स-रेमध्ये तंतू दिसत नाहीत, झालेली इजा दिसते, तीही बऱ्याच उशिरा. मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) पहिल्या संपर्कानंतर साधारण २० ते ५० वर्षांनी उमटतो, त्यामुळे आजचा स्वच्छ एक्स-रे म्हणजे सुटका नव्हे. तरी पुढे तुलना करायला आधारभूत एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (श्वासाच्या क्षमतेची चाचणी) करून ठेवावी, आणि व्यावसायिक आजारांच्या डॉक्टरांना कामाचा इतिहास लिहून द्यावा: कुठली विमानं, कुठलं काम, कोणत्या वर्षांत, हवा वापरली का. सिगारेट ओढत असतील तर ती सोडणं हे आत्ता हातात असलेलं सगळ्यात मोठं पाऊल. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान यांचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून बराच जास्त वाढतो.

हँगरच्या मालकांनी हवेच्या मोजणीचे कागद ३० वर्षं जपायचे असतात, वैद्यकीय नोंदी नोकरीचा काळ अधिक ३० वर्षं. हा ओशाचा नियम आहे, पण तो लागू नसेल तिथेही तसं करा. नमुन्यांचे अहवाल विमानाच्या लॉगबुकातच लावून ठेवा. विमान विकलं गेलं की हँगरची फाइल त्याच्यासोबत जात नाही.